कौसाबाईचा मुऱ्हाळी

आमच्या नंदुरबारात आता एकही माणूस बेघर नाही. मी सांगतोय म्हणजे खरंच असणार, कारण ती नोंद माझ्याच हातची आहे. भूमी अभिलेख कार्यालयात बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनीच्या हद्दी लिहिल्या. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. निवृत्त झालो आणि निवारा समितीने मला सचिव करून टाकलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस मलाही होतीच.

समिती काही भामट्यांची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल, म्हणून. अध्यक्ष हेमकांतभाई मिरचीचे मोठे व्यापारी. स्टेशनजवळचं त्यांचं जुनं गोदाम त्यांनी निवाऱ्यासाठी मोकळं करून दिलं. भिंतींना मिरचीचा असा खकाणा बसलेला की पहिला महिनाभर आत झोपणारी माणसं नुसती शिंकत होती. पण डोक्यावर पत्रा होता, बारा खाटा होत्या, नळाला पाणी होतं. आम्ही पहाटे उठून स्टेशन, बसस्टँड आणि गावाबाहेरच्या मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या पालथ्या घातल्या, तेव्हा त्रेचाळीस माणसं उघड्यावर झोपलेली सापडली. त्या त्रेचाळिसांना समितीतली माणसं वाटून दिली. ज्याच्या वाट्याला जो आला, त्याला दार मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा. आधार काढा, रेशन लावा, दवाखान्यात न्या, काम बघा, खोली बघा. भिकन नावाचा हमाल पाय मोडून फलाटावर पडला होता. त्याला आम्ही एका शाळेचा वॉचमन केला, शाळेच्या मागे खोली दिली. तो आजही रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मी नजर चुकवतो. का, ते पुढे कळेल.

दोन वर्षांत त्रेचाळिसाचे सहा झाले, सहाचा एक. तो एक माझ्या वाट्याचा होता. कौसाबाई.

वय साठीच्या पुढे. नवरा गेला तेव्हा दिराने दाराला आतून कडी घातली आणि ती पुन्हा काढली नाही. मूलबाळ नाही. हंगामात ती पथारीवर वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायची. हाताची आग व्हायची म्हणून हात ओल्या फडक्यात गुंडाळून झोपायची. निवाऱ्यातली खिडकीजवळची खाट तिची, आणि त्या खाटेवर ती इतकी सुखी होती की मला तिचा राग यायचा. मला ती ‘लिखनारा भाऊ’ म्हणायची. माझा चष्मा पुसायला घ्यायची आणि आणखी मळवून परत द्यायची.

अडचण अशी झाली की ‘बेघरमुक्त शहर’ म्हणून मान मिळवायचा तर मे महिन्यात वरून पाहणी येणार होती, आणि नियम असा की निवाऱ्यात झोपणारा माणूससुद्धा बेघरच धरायचा. म्हणजे कौसाबाईची खाट हिशेबात घर नव्हती. तिला खोली द्यायला कोणी घरमालक तयार होईना. एकटी म्हातारी, उद्या मेली तर आम्ही काय करायचं, असं तोंडावर विचारायचे. समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की आपल्यापैकीच एखाद्याच्या घरी जागा असेल की. तेव्हा बाकीच्या अकराही जणांना एकदम आपापले मोबाइल आठवले. माझी बायको चारुलता त्या दिवशी चहा घेऊन आली होती. घरी परतताना ती म्हणाली की रुचिकाची खोली तीन वर्षं रिकामी आहे, पोरगी पुण्याहून वर्षातून चार दिवस येते. मी म्हणालो, एकीला घरात घेतलं की उद्या रांग लागेल. कोणती रांग लागणार होती, देव जाणे. गावात बेघर म्हणून ती एकटीच उरली होती.

कौसाबाईचं माहेर कोरीट. नंदुरबारहून फार तर तासाभराची वाट. भाऊ दोधू, त्याचं बागायत, पक्कं घर. एवढा भाऊ जवळ असताना तू फलाटावर कशी राहिलीस, असं मी तिला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तिचं उत्तर साधं होतं. कोणी न्यायला आलंच नाही. आमच्याकडे लेक आपल्या पायाने माहेरी जात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून सासरी येतो आणि तिला घेऊन जातो. मुऱ्हाळी आला नाही तर लेक उंबऱ्यात बसून वाट बघते, पण स्वतःहून निघत नाही. कौसाबाईच्या नवऱ्याच्या दहाव्याला दोन्हीकडच्या पुरुषांची वाजली, तेव्हापासून कोरीटहून मुऱ्हाळी आला नव्हता. सोळा वर्षं ती भावाच्या गावापासून तासाभरावर उघड्यावर झोपली आणि एकदाही कोरीटच्या गाडीत बसली नाही. मी तेव्हा हसलो होतो. बाईमाणसाचा हट्ट, म्हणालो होतो.

एप्रिलमध्ये मात्र मला तो हट्ट कामाचा वाटला. आखाजी तोंडावर आली होती. आखाजीला बहिणीला नाही म्हणणारा भाऊ आमच्या खानदेशात जन्माला यायचाय. कल्पना माझी होती, दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही. मी कोरीटला गेलो. दोधू ओट्यावर बसला होता, पांढरी टोपी, तोंडात तंबाखू. मी त्याला बहिणीला कायमची ठेव असं म्हणालोच नाही. म्हणालो असतो तर तो नाही म्हणाला असता. मी म्हणालो, आखाजीला बहीण आण. चार माणसांत शोभा होतेय, तुझी बहीण स्टेशनवर आणि तुझ्या घरी आमरस. त्याची बायको प्रमिलाबाई दारात उभी होती, तिनेच आधी डोळ्याला पदर लावला. दोधूने मान खाली घातली आणि उद्याच येतो म्हणाला. मग मी पिशवीतून कागद काढला. ‘माहेरी कायमस्वरूपी पुनर्वसन’ असं त्यावर छापलेलं होतं. मी वाचून दाखवला, पण कारकुनी मराठीत, एका दमात, जसा मी बत्तीस वर्षं वाचत आलो. त्याने सही केली. एकदा घरात शिरली की बाहेर कोण काढतंय, असा माझा हिशेब होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोधू मोटरसायकल घेऊन निवाऱ्याच्या दारात आला. मुऱ्हाळी. कौसाबाईने त्याला पाहिलं आणि ती खाटेवरून उठेचना. दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसली. मग एकदम उठून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि रडायला लागली. समितीने तिला लुगडं नेसवलं, हेमकांतभाईंनी नारळ दिला, फोटो झाले. माझेही डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. मोटरसायकल निघाली तेव्हा तिने वळून मला हात केला, आणि मी त्या रात्री दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

सणाच्या दुसऱ्याच दिवशी खाटा काढल्या. हेमकांतभाईंनी गोदामाला रंग देऊन कुलूप लावलं. मी नोंदवहीत शून्य लिहिलं. इतकं गोल शून्य मी आयुष्यात काढलं नसेल.

आठव्या दिवशी सकाळी दोधूची मोटरसायकल माझ्या दारात उभी राहिली. मागे कौसाबाई. नवं लुगडं, कपाळाला बुक्का, हातात सांजोऱ्यांचा डबा. दोधूने टोपी काढून हात जोडले. निवाऱ्याला कुलूप होतं, म्हणून घर विचारत विचारत इथे आलो म्हणाला.

“आखाजी सरनी,” तो म्हणाला. “जठून लई जायेल व्हती, तठेच पोचाडी देस. रीत शे आपली.”

मी त्याला सहीचा कागद दाखवला. त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला राग नव्हता, लाज नव्हती, त्याचं काही चुकलंय असं त्याच्या गावीही नव्हतं. आखाजीला आणलेली लेक सण सरला की सासरी पोचवायची. ज्या दारातून मुऱ्हाळ्याने तिला उचललं, ते सासर. आणि ते दार आमचं होतं. प्रमिलाबाईने पाठवणी करताना सासरकडच्यांसाठी म्हणून पाच सांजोऱ्या वेगळ्या बांधून दिल्या होत्या. दोधूने त्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या, चहा घेतला, पुढच्या आखाजीला येईन म्हणाला आणि गेला. बहिणीला न्यायचं आणि पोचवायचं, दोन्ही कामं त्याने चोख केली. ज्या रितीच्या जिवावर मी दार उघडलं होतं, त्याच रितीने ते बंद झालं, आणि हे मला, खानदेशात जन्मून खानदेशात म्हातारा झालेल्या माणसाला, आधी सुचू नये. शिकलेला मूर्ख याहून वेगळा काय असतो?

कौसाबाई ओट्यावर बसली होती. तिची खाट कुठे आहे, एवढंच तिने विचारलं. चारुलता तिला आत घेऊन गेली, जेवू घातलं. मग स्वयंपाकघरातून माझ्याकडे नुसतं पाहिलं. रुचिकाच्या खोलीची किल्ली आमच्या देवघरात खुंटीला असते, आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुपारी हेमकांतभाईंच्या पेढीवर बैठक झाली. पाहणी बारा दिवसांवर आली होती. कोणी म्हणालं, निवारा पुन्हा उघडू. हेमकांतभाई म्हणाले की मग शून्याचा एक होतो, आणि एक म्हणजे शून्य नव्हे. कोणी म्हणालं, खरं सांगून टाकू. त्यावर हेमकांतभाईंनी चहा मागवला. शेवटी ठरलं की पाहणी होईस्तोवर तिला विसरवाडीला ठेवायचं. ते आपल्या शहरात येत नाही. तालुका वेगळा, हायवेवरचं गाव, दिवसरात्र गाड्या, ट्रक, माणसं, चहाच्या टपऱ्या. तिथे एक म्हातारी जास्त झाली तर कोणाला कळणार? पाहणी झाली की आणू. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘विषय क्रमांक चार: चर्चा होऊन मंजूर.’

आम्ही तिचं सासर झालो होतो, आणि सासरसारखेच वागलो.

हेमकांतभाईंच्या जीपमधून मीच तिला घेऊन गेलो. वाटेत ती कोरीटच्या गोष्टी सांगत होती. निंबाच्या झाडाला झोका बांधला होता, तिने या वयात झोका घेतला, भावाच्या नाती हसल्या. विसरवाडीच्या फाट्यावर आम्ही उतरलो. बसथांब्याच्या शेडमध्ये मी तिचं गाठोडं ठेवलं. शेजारी कमलीबाईची चहाची टपरी होती. मी कमलीबाईला सांगितलं की पंधरा दिवसांची गोष्ट आहे, लक्ष ठेवा, आणि माझा नंबर लिहून दिला. कौसाबाई मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होती.

“मन्हा मुऱ्हाळी कोन येई, भाऊ?”

तिने हे भांडून विचारलं नाही. जशी दर वर्षी लेकी विचारतात तसं विचारलं. मला जीपकडे जायचं होतं. ऊन तापलं होतं.

“मीच येसू लेवाले,” मी म्हणालो.

तिची मान हलली. तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि नंदुरबारच्या रस्त्याकडे तोंड करून बसली.

पाहणी उत्तम झाली. पाहुण्यांनी स्टेशन बघितलं, बसस्टँड बघितला, रंगवलेलं गोदाम बघितलं. माझ्या अक्षराचं कौतुक केलं. भिकनला बोलावून त्याच्याशी बोलले, तो बिचारा समितीचे गुण गाताना रडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात समितीला ढाल मिळाली. मी हेमकांतभाईंना विचारलं, आता कौसाबाईला आणायचं ना? त्यांनी रुमालाने ढाल पुसली. मग म्हणाले की हा मान वर्षभर टिकवायचा असतो, मध्ये कधीही येऊन बघतात. “पुढच्या वर्षी बघू, योगेंद्रभाऊ. एवढी वर्षं काढली तिने, एक वर्ष काय.” मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी मान डोलावून घरी आलो.

त्याच आठवड्यात कमलीबाईचा फोन आला. ती तक्रार करत नव्हती. म्हातारी बरी आहे, पण हट्टी आहे, म्हणाली. दिवसभर शेडमध्ये बसते, नंदुरबारहून येणारी प्रत्येक गाडी बघते. कमलीबाईच्या टपरीमागे एक पडवी होती, माणूस मजेत राहील अशी. स्वतः कमलीबाई एकटीच, नवरा सुरतकडे गेलेला. भांडी विसळायला हात हवाच होता, आणि तिला म्हातारीचा लळाही लागला होता. दहा वेळा सांगून झालं, पण कौसाबाई पडवीत यायला तयार नाही. मुऱ्हाळी येणार असताना बाई परक्या घरात कशी जाऊन बसेल? तो येईल आणि ती जागेवर नसेल तर?

“तुम्ही एकदाव ईसन सांगी द्या,” कमलीबाई म्हणाली. “कोनी येवाव नही म्हनीसन. मन्हं ती ऐकत नही. तुम्हनं ऐकी. मंग ऱ्हाई जाई मन्हा घर.”

मी फोन ठेवला. दोन वर्षं आम्ही बारा शिकलेल्या माणसांनी जे दार शोधलं, ते हायवेवरच्या एका चहावालीने फोनवर दोन मिनिटांत उघडून दिलं होतं. आता माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. मी येणार नाही, कौसाबाई, तू इथेच राहा. एवढं बोललो की तिला घर. चारुलताला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आत्ता उठा आणि जा. तिने डबा करून दिला, दोन भाकऱ्या जास्त घातल्या.

सकाळच्या एसटीने निघालो. विसरवाडीचं तिकीट काढलं. खिडकीत बसून मी ते वाक्य मनात घोळवत होतो. मराठीत म्हणून बघितलं, अहिराणीत म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी तिचं पुढचं बोलणं ऐकू यायचं. ती म्हणणार होती, तूच म्हनना व्हता. एवढंच. शिवी देणार नाही, रडणारही नाही, नुसतं तेवढं म्हणून माझ्याकडे बघत राहील. हे ऐकायची माझी छाती नव्हती, ते मला अर्ध्या वाटेतच कळून चुकलं.

गाडी फाट्यावर थांबली. ती शेडमध्ये होती. उन्हाने काळी पडलेली, आधीहून बारीक. गाडीची पाटी तिला वाचता येत नव्हती, पण नंदुरबारची गाडी ती ओळखत होती. ती एकेक खिडकी बघत आली आणि माझ्या खिडकीशी थांबली. तिने मला ओळखलं. तिने आधी पदर डोक्यावर घेतला, नीट, दोन्ही बाजूंनी, मुऱ्हाळ्यासमोर घेतात तसा. मग वाकून गाठोडं उचललं. टपरीतून कमलीबाई हात पुसत बाहेर आली आणि हसली.

उतरणारे उतरले. कंडक्टर माझ्याजवळ आला. “काका, विसरवाडी ना? उतरा.”

मी म्हणालो, “नवापूर. पुढचं तिकीट द्या.”

त्याने तिकीट फाडून दिलं. मी समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिलो. तिने काचेवर हात थापटला, एकदा, दोनदा, हळूच, झोपलेल्या माणसाला उठवतात तसा. बहुतेक तिला वाटलं असेल की मला डुलकी लागली आहे. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तिचं ते खरं व्हावं. बेल वाजली आणि गाडी निघाली.

नवापूरला उतरून मी डबा स्टँडवरच्या एका भिकाऱ्याला दिला. परतताना रेल्वेने आलो. रेल्वे विसरवाडीवरून जात नाही.